वॉटर-फेड पोल किती फुटी घ्यायचा? ब्रिटनमध्ये घरांच्या खिडक्या धुण्याचं काम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

पहिला पोल घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा एकाच हिशेबाने निघतो: जेवढा लांब तेवढा बरा, आज नाही तर उद्या लागेलच. मग तीस-पस्तीस फुटी पोल घरी येतो, आठवडाभरात खांदे भरून येतात आणि तळमजल्याच्या खिडक्या धुताना तर तो धड हातातही मावत नाही. माझं मत उलटं आहे. पोल निवडायचा तो तुम्हाला रोज जी खिडकी धुवावी लागणार आहे तिच्यासाठी, वर्षातून दोनदा भेटणाऱ्या सर्वांत उंच खिडकीसाठी नाही. आणि ही लांबी ठरवताना खिडकी किती उंच आहे यापेक्षा तुम्हाला भिंतीपासून किती लांब उभं राहावं लागतं, हे जास्त महत्त्वाचं ठरतं. उंची सगळे मोजतात, अंतराकडे कोणी बघत नाही.

ज्यांनी हे साधन पाहिलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वॉटर-फेड पोल म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा लांब दांडा. त्याच्या टोकाला साधारण २५ ते ३० सेंटिमीटर रुंद ब्रश असतो आणि पोलच्या आतून गेलेल्या बारीक होजमधून पाणी त्या ब्रशच्या जेटपर्यंत पोहोचतं. पाणी नळाचं नसतं. त्यातले क्षार रिव्हर्स ऑस्मोसिस आणि रेझिन वापरून काढून टाकलेले असतात, म्हणजे टीडीएस मीटरवर आकडा शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ. असं पाणी काचेवर वाळलं तरी डाग राहत नाही, म्हणून पुसायला वर चढावं लागत नाही. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी चुनखडीतून येतं, ते फार जड असतं. तिथे नळाचं पाणी थेट पोलमध्ये सोडलं तर काच वाळल्यावर पांढऱ्या ठिपक्यांनी भरते. ग्लासगोला पाणी मऊ आहे, तिथे शुद्ध करणं स्वस्त पडतं.

शिडीची जागा पोलने घेतली त्यामागे २००५ च्या ‘वर्क ॲट हाइट’ नियमांचा मोठा हात आहे. उंचीवर चढणं टाळता येण्यासारखं असेल तर ते टाळायचं, हा त्या नियमांचा पहिला दंडक. पोल असला की पाय जमिनीवर राहतात. पुण्या-मुंबईत हे साधन घराघरांत का दिसत नाही, याचं उत्तरही सोपं आहे: आपल्याकडे खिडकीला बाहेरून लोखंडी ग्रिल असतं, ब्रश काचेला टेकणार कसा? ब्रिटिश घरांना ग्रिल नसतं, काच उघडीच असते.

कामाला लागण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या, त्यांचा लांबीशी संबंध नाही. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही आणि खिडक्यांचा राउंड, म्हणजे ठरलेल्या घरांची नियमित फेरी, हा धंदाच धरला जातो. दुसरं, स्कॉटलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी खिडक्या धुण्यासाठी स्थानिक कौन्सिलचं लायसन्स लागतं, तिथल्या १९८२ च्या कायद्यानुसार. इंग्लंडमध्ये तसं लायसन्स नाही.

पायरी १: दुकानाआधी गल्ली बघा

जिथे काम करायचा विचार आहे त्या दोन-चार रस्त्यांवरून संध्याकाळी एक फेरी मारा. हातात वही ठेवा. कुठल्या प्रकारची घरं किती आहेत, एवढंच टिपायचं.

ब्रिटनमधल्या उपनगरात बहुतेक घरं तळमजला अधिक एक मजला अशी असतात. भिंतीला भिंत लागून ओळीने उभी असलेली टेरेस, दोन-दोन जोडलेली सेमी-डिटॅच्ड, आणि स्वतंत्र डिटॅच्ड. बंगलो म्हणजे वर मजला नसलेलं घर, त्याला लांब पोल लागतच नाही. नव्या वसाहतींत अरुंद तीन मजली टाउनहाउस असतात. जुन्या भागांत व्हिक्टोरियन टेरेस, ज्यांची छतं उंच असतात. आणि आता जिकडेतिकडे लॉफ्ट कन्व्हर्जन झालेली घरं, म्हणजे उतरत्या छपरातून बाहेर काढलेली डॉर्मर खिडकी.

पुढच्या बाजूवर विसंबू नका. रस्त्यावरून दिसतं ते घराचं सोपं तोंड. खरी अडचण मागे असते: कन्झर्व्हेटरी (घराला जोडलेली काचेची खोली), वाढवलेलं स्वयंपाकघर, लाकडी डेक, उतार. शेफील्ड, ब्रिस्टल, बाथ यांसारख्या चढउतारांच्या शहरांत तर पुढून दोन मजली दिसणारं घर मागून तीन मजली निघतं. मागचं अंगण बघितल्याशिवाय भाव सांगू नका आणि पोलही घेऊ नका.

फेरी संपली की वहीत एक प्रकार बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जास्त दिसेल. तुमचा पहिला पोल त्या घरासाठी.

पायरी २: उंची विटांवरून काढा

टेप लावायला वर चढायचं नाही. ब्रिटिश वीट ६५ मिलिमीटर उंच असते, मधला सांधा १० मिलिमीटरचा. म्हणजे विटांचा एक थर ७५ मिलिमीटरचा आणि चार थरांचे ३०० मिलिमीटर, जवळजवळ एक फूट. ‘चार थर म्हणजे एक फूट’ एवढं लक्षात ठेवलं की रस्त्यावर उभ्या उभ्या उंची काढता येते. जमिनीपासून वरच्या खिडकीच्या माथ्यापर्यंत ६६ थर मोजले, तर झाले साडेसोळा फूट, म्हणजे ५ मीटरच्या आसपास. उत्तर इंग्लंडातल्या काही जुन्या विटा किंचित जाड असतात, तिथे हाताशी असलेले चार थर टेपने मोजून आकडा सुधारून घ्या.

भिंतीला गिलावा किंवा पेबलडॅश (बारीक खडे चिकटवलेला गिलावा) असेल तर विटा दिसत नाहीत. मग दार वापरा. पुढचं दार साधारण २ मीटर उंच असतं. फोन समोर धरून फोटो काढा आणि फोटोत खिडकीच्या माथ्यापर्यंत एकावर एक अशी किती दारं बसतात ते बघा. सहा इंचांची चूक झाली तरी बिघडत नाही, कारण पोल फुटाफुटाने येत नाहीत.

मोजायचा तो खिडकीचा माथा, खालचा काठ नाही. फ्रेमची वरची पट्टी आधी धुवावी लागते, नाहीतर तिथली घाण नंतर काचेवर ओघळते.

साध्या सेमीचा हिशेब बघा म्हणजे ५ मीटरचा आकडा कुठून येतो ते कळेल. खालच्या खोलीची उंची २.४ मीटर, मधल्या मजल्याची जाडी ०.३ मीटर, वरच्या खोलीत जमिनीपासून खिडकीच्या माथ्यापर्यंत २.१ मीटर, आणि घराचं जोतं १५ सेंटिमीटर. बेरीज ४.९५. व्हिक्टोरियन घरात खालची खोलीच २.७ ते ३ मीटरची, जोतंही वर उचललेलं, त्यामुळे तोच पहिला मजला ६ मीटरच्या पुढे जातो. बाहेरून दोन्ही ‘दोन मजली’च.

पायरी ३: भिंतीपासूनचं अंतर

इथे थोडं थांबू, कारण लांबीचा सगळा घोळ इथेच होतो.

मोकळी भिंत असेल तर तुम्ही खिडकीखाली दीडेक मीटर मागे उभे राहता. ठोकताळा असा की खिडकी तुमच्या हातांपासून जितकी वर, त्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं मागे. त्याहून जवळ गेलात तर पाणी अंगावर, मान आकाशाकडे आणि ब्रश काचेला सपाट टेकत नाही. फार मागे गेलात तर पोल वाकतो आणि सगळा भार मनगटावर येतो.

पण घराच्या मागे कन्झर्व्हेटरी असली की मागे किती उभं राहायचं हे तुम्ही ठरवत नाही, ती ठरवते. इंग्लंडमध्ये पूर्ण प्लॅनिंग परवानगी न घेता मागच्या बाजूला एकमजली वाढ करायची तर नेहमीची मर्यादा जोडघरांना ३ मीटर आणि स्वतंत्र घरांना ४ मीटर आहे. शेजाऱ्यांना कळवून, कौन्सिलची पूर्वसंमती घेऊन ती ६ आणि ८ मीटरपर्यंत नेता येते. म्हणून अंगणात तुम्हाला ३ आणि ४ मीटर हे आकडे पुन्हा पुन्हा भेटतील. त्यात उभं राहायला अर्धा मीटर मिळवायचा. शिवाय पुढच्या बाजूला बे-विंडो, म्हणजे भिंतीतून पुढे आलेली खिडकी, असेल तर तिच्या छोट्या छपरामुळेही वरची खिडकी अर्धा-पाऊण मीटर लांब जाते. कुंपण, झुडपं, गाडी उभी करायची जागा, यांचंही तेच.

अंतर वाढलं की फक्त लांबीच वाढत नाही, वजनही जास्त जाणवतं. कोकणात ज्याने झेल्याने आंबे उतरवले आहेत त्याला हे सांगायला नको: बांबू उभा असतो तोवर हलका, तिरपा झाला की तोच जड. टोकाला असलेल्या वजनाचा हातावर येणारा पीळ हा आडव्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. दीड मीटरवरून उभं राहून धुतलेली खिडकी आणि तीच खिडकी ४ मीटरवरून धुतलेली, यांत हा पीळ अडीच पटींहून जास्त. ब्रश काचेला टेकलेला असतो तेव्हा काच थोडा भार घेते, पण एका खिडकीवरून दुसरीकडे जाताना तो उचलावाच लागतो.

कन्झर्व्हेटरी दिसली की लगेच लांब पोलचा विचार करू नका. आधी बाजूने जागा आहे का ते बघा. पुष्कळदा कन्झर्व्हेटरी घराच्या पूर्ण रुंदीची नसते. कोपऱ्यात उभं राहून तिरपं पोहोचता येतं आणि अंतर एक-दीड मीटरने कमी होतं. यासाठी ब्रशला कोन बदलता येणारा सांधा हवा. कन्झर्व्हेटरीच्या छतावर पाय द्यायचा विचार मात्र कधीच नाही, आणि पोल तिच्या काठावर किंवा गटरवर टेकवूनही काम करायचं नाही. प्लॅस्टिकची गटर तडकते आणि ती भरून द्यायची वेळ तुमच्यावर येते.

पायरी ४: हिशेब

आता शाळेतला पायथागोरस. खिडकीच्या माथ्याच्या उंचीतून तुमच्या खालच्या हाताची उंची वजा करा. ती साधारण १ मीटर धरा. उरलेल्याचा वर्ग, अधिक अंतराचा वर्ग, बेरजेचं वर्गमूळ. त्यात खालच्या हाताच्या खाली राहणाऱ्या दांड्याचे ४० सेंटिमीटर मिळवा. आलेल्या मीटरना ३.२८ ने गुणलं की फूट, कारण या धंद्यात सगळे फुटांतच बोलतात.

साधी सेमी, मोकळी भिंत: ५ मीटर उंची, हातापासून ४, अंतर १.५. पोल लागतो ४.७ मीटर, म्हणजे साडेपंधरा फूट. १८ फुटी पोल आरामात पुरतो.

तीच सेमी, मागे ३ मीटरची कन्झर्व्हेटरी: अंतर साडेतीन मीटर. लागतो ५.७ मीटर, जवळजवळ १९ फूट. खिडकी तीच, उंची तीच, आणि १८ फुटी पोल तोकडा पडला.

डिटॅच्ड घर, मागे ४ मीटरची वाढ: अंतर साडेचार. लागतो ६.४ मीटर, २१ फूट. २२ फुटी पोल पोहोचतो, पण पूर्ण ताणून.

व्हिक्टोरियन टेरेस, पुढची बाजू: उंची ६.२, अंतर १.७. लागतो ५.९ मीटर, साधारण साडेएकोणीस फूट.

तीन मजली टाउनहाउस: उंची ७.७, अंतर २. लागतो ७.४ मीटर, २४ फुटांच्या थोडं वर. २५ फुटी पोलवर जेमतेम होतं, रोजचं काम असेल तर ३० फुटी घ्या.

मागे ६ मीटरची वाढ असलेलं घर: लागतो ८ मीटर, म्हणजे २६ फुटांच्या वर, आणि पोल जमिनीशी जेमतेम ३२ अंशांवर. कागदावर ३० फुटी पोल पोहोचतो. प्रत्यक्षात या कोनात ब्रश नीट दाबता येत नाही, काच नुसती ओली होते. बाजूने वाट नसेल तर त्या एका खिडकीला सरळ नाही म्हणा आणि ते आधीच सांगा.

हिशेबातल्या आकड्यावर दोन-तीन फूट शिल्लक ठेवा. शेवटचा सेक्शन, म्हणजे शेवटची नळी, पूर्ण टोकापर्यंत ओढून काम करणं टाळलेलं बरं, कारण आत जेवढी नळी अडकलेली राहते तेवढा सांधा घट्ट. पण शिल्लक म्हणजे दहा फूट नव्हे.

या सगळ्यावरून माझं उत्तर: इंग्लंडमधल्या साध्या उपनगरासाठी पहिला पोल २२ फुटी. नुसती नवी छोटी टेरेस घरं असतील तर १८ पुरे. व्हिक्टोरियन वस्ती किंवा मागे मोठ्या वाढी असलेली डिटॅच्ड घरं जास्त असतील तर २५. त्याच्या वरचा पोल दुसरा म्हणून घ्या, आणि तोही त्या उंचीचं पैसे देणारं काम हातात आल्यावर.

पायरी ५: जास्तीच्या नळ्या हातात राहतात

‘लांब पोल आखूड करून वापरता येतोच ना?’ असं कोणीही विचारेल. येतो, पण त्यात मेख आहे.

मिटलेल्या पोलचे सगळे क्लॅम्प, म्हणजे नळ्या जागी पकडून ठेवणाऱ्या पकडी, एकावर एक, खालच्या नळीच्या तोंडाशी असतात. उघडताना सर्वांत आतली, सर्वांत बारीक नळी आधी वर काढावी लागते, मग तिच्या खालची, असं करत जाड नळ्यांकडे यायचं. उलट क्रमाने गेलात तर बाकीचे क्लॅम्प हाताच्या वर निघून जातात. याचा परिणाम असा की ३० फुटी पोल १८ फुटांवर वापरताना जाड नळ्या न उघडता तुमच्या मुठीतच राहतात. मूठ धड मिटत नाही, वजन पूर्ण पोलचं आणि उपयोग निम्म्याचा. दिवसभरात दहा-पंधरा घरं केली की तो फरक खांद्याला कळतो.

म्हणून लांब पोल घ्यायचाच असेल तर खालचे एक-दोन सेक्शन सहज काढून ठेवता येतात का हे विचारा. बऱ्याच पोलमध्ये येतात. २५ किंवा ३० फुटी पोलचे खालचे सेक्शन गाडीत ठेवून उरलेला रोज वापरायचा, ही व्यवस्था चांगली चालते, फक्त वरच्या भागाची स्वतःची लांबी किती भरते ते आधी मोजा.

मिटल्यावरची लांबीही बघा. छोट्या हॅचबॅकमध्ये पोल डॅशबोर्डपासून मागच्या दारापर्यंत तिरपा ठेवावा लागतो. आपल्या गाडीत टेप लावून मगच पोल निवडा. दोन सेमींच्या मधल्या जेमतेम मीटरभर बोळातसुद्धा मिटल्यावर आखूड असलेला पोल आडवातिडवा फिरवता येतो, लांब दांडा कुंपणाला अडकतो.

तळमजल्यासाठी आठ-दहा फुटांचा स्वस्त, हलका पोल वेगळा ठेवा. हा खर्च अनावश्यक वाटतो, पण घरातल्या निम्म्या खिडक्या खालीच असतात.

पायरी ६: किती फुटी ठरलं की मग कशाचा

ॲल्युमिनियम सर्वांत स्वस्त. पण ते वीज वाहून नेतं आणि पंधरा फुटांपुढे जड पडतं. आपल्याच घराच्या खिडक्या वर्षातून चारदा धुवायच्या असतील तर चालेल, धंद्याला नको. ग्लास फायबर पंधरा-अठरा फुटांपर्यंत ठीक, त्यापुढे टोक डुलायला लागतं. हायब्रिड म्हणजे ग्लास फायबर आणि कार्बन फायबरचं मिश्रण. नवख्याला १८ ते २२ फुटांत हे परवडतं. पूर्ण कार्बन त्याहून ताठ आणि हलका, २२ फुटांपासून त्याचे पैसे वसूल होतात. हाय-मॉड्युलस, म्हणजे आणखी ताठ कार्बन हे चाळीस फुटांच्या आसपास काम करणाऱ्यांचं प्रकरण, घरांच्या राउंडला त्याची गरज नाही.

लांबी आणि ताठपणा यांचं नातं मात्र समजून घ्या. एका टोकाला धरलेला दांडा दुसऱ्या टोकावरच्या वजनाने किती वाकेल, हे लांबीच्या घनावर अवलंबून असतं. जाडी तीच धरली आणि लांबी १८ वरून २५ फुटांवर नेली, तर वाकणं अडीच पटींच्या वर जातं. म्हणून १८ फुटांना छान वाटलेलं मटेरियल २५ फुटांना भिकार वाटू शकतं. स्वस्तातला लांब पोल आणि त्याच पैशातला चांगला आखूड पोल यांत मी दरवेळी आखूड घेईन.

पायरी ७: जाहिरातीतला आकडा वाचा

पोलवर लिहिलेले फूट सगळ्यांचे एकसारखे नसतात. कोणी पोलची खरी लांबी लिहितं. कोणी ‘पोहोच’ लिहितं, म्हणजे त्या आकड्यात उभ्या माणसाच्या हाताची उंचीही धरलेली असते आणि पोल अगदी सरळ उभा आहे असंही गृहीत धरलेलं असतं. पंचवीस फूट पोहोच असलेला पोल प्रत्यक्षात वीस फुटांचा निघू शकतो. तुमच्या हिशेबातला आकडा खऱ्या लांबीचा आहे, तेव्हा दुकानदाराला तेवढंच विचारा: पूर्ण उघडल्यावर दांडा टोकापासून टोकापर्यंत किती मीटर? वजनाबद्दलही तसंच. ते ब्रश आणि होज धरून आहे की नुसत्या नळ्यांचं, ते विचारा.

पायरी ८: हातात घेऊन बघा

दुकानात कोरडा पोल उभा धरला की सगळेच हलके वाटतात. ब्रश लावायला सांगा. तुमच्या हिशेबातल्या लांबीपर्यंत उघडा, दीड मीटर मागे उभं राहून भिंतीला टेकवा आणि मिनिटभर वर-खाली घासा. मग तीन पावलं मागे जाऊन तेच करा, म्हणजे कन्झर्व्हेटरीचा अंदाज येईल. दोन्ही हात छातीच्या खाली राहतायत का बघा. हात खांद्याच्या वर जात असतील तर पोल आखूड आहे किंवा तुम्ही फार जवळ उभे आहात.

क्लॅम्प हातमोजे घालून उघडमीट करा. जानेवारीच्या सकाळी ओल्या, गारठलेल्या बोटांनी हेच करायचं आहे. पोल पिळून बघा: एखादा सेक्शन दुसऱ्यात गोल फिरत असेल तर वर ब्रशही मनाला येईल तसा फिरेल.

तारा

ही पायरी नाही, अट आहे. कार्बन वीज वाहून नेतो. ग्लास फायबर कोरडा असताना नेत नाही, पण तुमचा पोल पाण्याने भरलेला आणि भिजलेला असतो, तेव्हा त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. गावाकडच्या भागात लाकडी खांबांवरून जाणाऱ्या साध्या दिसणाऱ्या तारांत ११,००० व्होल्ट असू शकतात, आणि अशा तारेला स्पर्श न होताही वीज उडी मारून येते. काही जुन्या घरांना वीजजोडणीची तार थेट खिडकीजवळच्या भिंतीत येते. पोल गाडीतून काढण्याआधी वर बघा. पोल उघडून उभा धरून एका बाजूहून दुसऱ्या बाजूला चालू नका, मिटवून न्या. तार पोलच्या पल्ल्यात येत असेल तर ते काम घ्यायचं नाही. आणीबाणीत १०५ ला फोन केला की तुमच्या भागातल्या वीजजाळ्याच्या कंपनीशी जोडून देतात, आणि जीव धोक्यात असेल तर ९९९.

वाऱ्याचंही लांबीशी नातं आहे. १८ फुटांवर ज्या वाऱ्याने काही होत नाही, त्यात २५ फुटी पोल उभा ठेवणं जड जातं. असा दिवस बंगलो आणि तळमजल्यांसाठी राखून ठेवा. रस्त्यालगतच्या फुटपाथवर उभं राहून काम करायचं असेल तर होज पसरलेली आहे असा फलक लावा, आणि पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्सशिवाय (तुमच्या कामामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) पहिला ब्रशही भिजवू नका.

पोल घेतल्यावर: होज

पोलसाठी होज घेताना तिची लांबी पोलच्या पूर्ण लांबीपेक्षा दोनेक मीटर जास्त ठेवा, कारण खालून बाहेर येऊन ती मुख्य होजला जोडायची असते. आतून ५ मिलिमीटरची होज घ्या. तिच्यात मीटरला सुमारे २० मिलिलिटर पाणी राहतं, म्हणजे ७ मीटरच्या पोलमध्ये १४० ग्रॅम. तीच ८ मिलिमीटरची घेतली तर साडेतीनशे ग्रॅम, आणि ते सगळं तुमच्या हातावर. पाणी वर चढवताना दर १० मीटरला साधारण १ बार दाब कमी होतो. पहिल्या मजल्यापर्यंत अर्धा बार गेला तर पंपाला फरक पडत नाही, पण ३० फुटी पोलवर जेटची धार बारीक वाटली तर पंपाचा दाब थोडा वाढवून बघा, ब्रश बदलायला जाऊ नका.